बंदुकांची ओळखपरेड

पोलिसांची जीप दारात यायचीच असेल तर ती आठवड्याच्या मधल्या वारी यावी. रविवारी सकाळी, अख्खी आळी चहाचे कप घेऊन ओट्यावर बसलेली असताना येऊ नये. माझ्याकडे ती नेमकी तशीच आली. मी बनियनवर होतो आणि काठीने शेवग्याच्या शेंगा पाडत होतो. हवालदाराने जीपमधून उतरून आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कमलाकांत मास्तर तुम्हीच का? फौजदारसाहेबांनी बोलावलंय. बंदुकांच्या केसमध्ये!"

पासष्टची लढाई संपून जेमतेम सहा-आठ महिने झाले होते. खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटसाठी चिकटवलेले काळे कागद पालघरात अजून कित्येक घरांत तसेच होते. छत्रीतून उतरणारे शत्रूचे सैनिक आम्ही कोणी पाहिले नव्हते, पण ते उतरले तर कुठल्या वाडीत उतरतील यावर आळीत वाद झाले होते. अशा दिवसांत 'बंदुकांची केस' हे शब्द पडताच समोरच्या ओट्यावरचे कप बशीत टेकले. एक-दोन खिडक्या लागल्याही.

शेजारचे एकनाथराव धोतर सावरत कुंपणाशी आले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते गावाला सल्ला देण्याचं काम बघत. "मास्तर, एक लक्षात ठेवा," ते कुजबुजले. त्यांची कुजबुज जीपच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेली. "विचारतील त्याला उत्तर द्यायचं नाही. देतील तो चहा घ्यायचा नाही. आणि काही झालं तरी कबूल करायचं नाही."

"अहो, पण मी केलंय काय?"

"हे असंच म्हणत राहायचं," एकनाथराव म्हणाले. "उत्तम जमतंय तुम्हाला."

खरी गोष्ट एवढीच होती की मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो आणि शाळेची एन.सी.सी.ही माझ्याकडे आहे. त्यासाठी कामठीला जाऊन मी रीतसर ट्रेनिंग घेतलं होतं. रायफल खोलणं, पुसणं आणि पुन्हा जोडणं (जोडल्यावर काही उरता कामा नये) हे मला येत होतं. हवालदाराकडून कळलं ते असं की तारापूरच्या रस्त्यावर काही संशयास्पद बंदुका सापडल्या आहेत, आणि त्या ओळखायला पुण्याचा तज्ज्ञ यायचा तर पावसाळा उजाडेल. म्हणून तालुक्यातला तज्ज्ञ शोधत जीप माझ्याकडे आली होती. मी हे आळीला ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा पुन्हा विचारलं, "म्हणजे तज्ज्ञ म्हणून ना?" पण आळीने तोपर्यंत आपलं मत बनवलं होतं.

"युनिफॉर्म घालून जा," माझी बायको हंसा म्हणाली. "मान राहील. शिवाय तो इस्त्रीचा आहे."

या सल्ल्यातून पुढे काय उद्भवणार आहे याची तिला कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती. मी खाकी गणवेश चढवला, टोपी तिरकी केली आणि जीपमध्ये हवालदाराशेजारी ताठ बसून पालघर सोडलं. वाटेत ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं, त्यांनी नमस्कारासाठी उचललेला हात मध्येच थांबवला.

बोईसरच्या बाजारात जीप बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडून आत पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. तेव्हा मी टोपी काढून सीटवर ठेवली आणि सरकारी जीप ढकलायला लागलो. भाजीवाल्या बाया टोपल्या सावरून मजा बघत होत्या. "मिलिट्रीची गाडी हाय," एक दुसरीला म्हणाली, "म्हनून मिलिट्रीवाला ढकलतो." जीप काही सुरू झाली नाही. शेवटी हवालदार म्हणाला, "मास्तर, मी मेकॅनिक बघतो. चौकी इथून लांब नाही. तुम्ही व्हा पुढं."

उन्हातून चालत, घामाने निथळत, ग्रीसचे हात घेऊन मी चौकीत शिरलो. दारावरचा शिपाई नवा होता. त्याने माझा खाकी गणवेश पाहिला, माझी दशा पाहिली, आणि मी तोंड उघडण्याआधीच माझं बखोट धरलं. "हा एक पळाला होता वाटतं!" असं म्हणत त्याने कोठडीचं दार उघडलं, मला आत ढकललं आणि कडी लावली.

आत पाहतो तर एक अख्खी पलटण मांडी घालून बसलेली. सगळ्यांच्या अंगावर खाकी गणवेश, डोक्यावर हेल्मेटं आणि पाय अनवाणी. एका कोपऱ्यात झुबकेदार मिशांचा सुभेदार गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली तेव्हा त्याची अर्धी मिशी गालावर सरकलेली दिसली.

"तुमी कंच्या सीनात व्हते?" त्याने मला विचारलं.

तो जानू तांडेल. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, स्वतःची होडी असलेला मोठा इभ्रतीचा माणूस. त्याच्याकडून मला सगळी हकिगत कळली. मुंबईची एक सिनेमा कंपनी तारापूरच्या बाजूला वाळूत तंबू ठोकून बसली होती. सिनेमा विनोदी होता: एक बावळट पलटण चुकून आपल्याच छावणीवर हल्ला करते, अशी काहीतरी गोष्ट. पलटणीसाठी कंपनीने कोळीवाड्यातले गडी घेतले. काल दुपारी जेवायची सुट्टी झाली, तेव्हा जानू म्हणाला, कंपनीचं बटाट्याचं जेवण कोण खातो, घरी बोंबलाचं कालवण आहे. झालं. अख्खी पलटण गणवेशासकट, बंदुका खांद्यावर टाकून, रस्त्याने घरी जेवायला निघाली.

तिकडे मोठ्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे त्या रस्त्यावर सरकारची नजर. त्यातून फौजदार नवीन. समुद्राकडून एक सशस्त्र टोळी मुकाट्याने चालत येताना पाहिल्यावर त्याला जे वाटायचं ते वाटलं. त्याने एकट्याने पुढे होऊन "हँड्स अप!" म्हटलं. पलटणीला वाटलं, हाच पुढचा सीन. सगळ्यांनी हसत हसत हात वर केले.

"मानसं हसली," जानू म्हणाला, "त्येचाच फौजदाराला जास्त राग आला बगा."

सिनेमाचा मॅनेजर धावत आला होता. "साहब, सब नकली है," म्हणून त्याने गळा काढला. पण फौजदाराचं म्हणणं असं की बंदुका खऱ्या असत्या तरीही माणूस हेच बोलला असता. शिवाय त्याने तोपर्यंत जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला, फोन करून 'सशस्त्र टोळी पकडली' असं कळवूनही टाकलं होतं. ठाण्याचे मोठे साहेब आज दुपारी स्वतः यायचे होते.

एवढ्यात गजांशी एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी. ती जानूची बायको येसूबाई. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. "आज सांजच्याला शकूची हलद हाय. उद्या सातपाटीवरनं वऱ्हाड येल. पोरीच्या बापाला इचारतील, तवा काय सांगू? शत्रूचा मानूस म्हनून धरलाय?"

जानूने मान खाली घातली. त्याची उरलेली मिशीही खाली पडली. मी इथवर आलो होतो तो माझ्या मानाची काळजी करत. त्या बाईचा चेहरा पाहिला आणि आळीतल्या खिडक्या क्षणभर डोक्यातून गेल्या. "येसूबाई," मी म्हणालो, "त्या बंदुका ओळखायलाच मला बोलावलंय."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "तुमाला? मंग तुमी आत कशे?"

याचं उत्तर फौजदाराला द्यावं लागलं. तो आला, शिपायावर ओरडला, माझी माफी मागितली. पण त्याआधी त्याने सिनेमाच्या मॅनेजरला "हा तुमचाच का?" असं विचारलंच, आणि मॅनेजर मला निरखून म्हणाला, "नहीं साहब. इतना मोटा सिपाही हम नहीं लेते."

तरणा, पातळसा फौजदार. डोळे झोप न झाल्यासारखे. त्याने मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर आणि भिंतीशी बंदुकांचा ढीग होता. लांबून पाहिलं तर अंगावर काटाच यावा. "मास्तर," तो दार लोटत म्हणाला, "साहेब यायच्या आत मला प्रत्येक हत्याराचं वर्णन पाहिजे. पंचनाम्यात 'बंदूक' लिहिलं आणि ती लाकडी निघाली तर मी मूर्ख. 'लाकूड' लिहिलं तर लाकडासाठी एवढी माणसं का धरली म्हणून मूर्ख. तुम्ही म्हणाल ते लिहितो. पण जपून म्हणा."

मी बाह्या सरसावल्या. सर्वांत वरची रायफल उचलली, कामठीत शिकवलं होतं तशी एका झटक्यात खांद्याला लावली आणि गंभीर आवाजात म्हणालो, "ही थ्री-नॉट-थ्री." दस्ता माझ्या खांद्याशी राहिला आणि बाकीची थ्री-नॉट-थ्री टेबलावर पडली. आतून भुसा सांडला. फौजदाराने लिहिलेलं खोडलं.

दुसरीची संगीन मी बोटाने अदबीने तपासली. ती वाकली आणि सोडताच थरथरत सरळ झाली. रबर! मशीनगन म्हणून जे होतं ते दुधाच्या बरणीला पाइप डकवून केलेलं होतं. त्याचा दांडा फिरवला तेव्हा जत्रेतल्या फिरकीसारखा कर्कश आवाज झाला आणि चौकीमागच्या आंब्यावरचे कावळे उडाले. मॅनेजर दारातून केविलवाण्या आवाजात ओरडत होता, "मास्टरजी, पहचानिए, मगर तोड़िए मत!"

आता मला आत्मविश्वास आला होता, आणि नेमका तोच नडला. एक पत्र्याचं पिस्तूल उचलून मी म्हणालो, "हे तर खेळणं आहे," आणि घोडा दाबला. असा काही बार उडाला की मी भिंतीला टेकलो, छतावरची पाल फौजदाराच्या कागदांवर पडली आणि नवा शिपाई टेबलाखाली गेला. धूर विरल्यावर मॅनेजर शांतपणे म्हणाला, "उसमें पटाखा डालते हैं."

पंच म्हणून सालवडचा एक किराणा दुकानदार आणला होता. तो उठला. "साहेब, मी लाकडाला आणि रबराला साक्ष देईन," तो म्हणाला. "फुटनाऱ्या वस्तूला देनार नाय." त्याला लिंबाचं सरबत पाजून पुन्हा बसवावं लागलं.

एकेक करत ढीग संपत आला. लाकूड, पत्रा, कागदाचा लगदा, आणि एका बंदुकीची नळी म्हणजे चक्क सायकलचा पंप. मग तळाची रायफल मी उचलली, आणि हात खाली गेला.

ती जड होती. बरोबर तेवढीच जड, जेवढी असायला हवी. दस्त्याला पितळी पट्टी होती. लाकडाला जुन्या तेलाचा वास होता, जो कुठल्याही रंगाऱ्याला आणता येत नाही. बोल्ट गंजून अडकला होता, ओढला तरी हलेना.

फौजदाराने माझा चेहरा वाचला. गेल्या दिवसाभरात प्रथमच त्याच्या डोळ्यांत जीव आला. "खरी आहे ना?" तो पुढे वाकला. "मास्तर, एक जरी खरी निघाली तरी सगळं निभावतं. फक्त म्हणा, खरी आहे."

"ही कोणाकडे सापडली?"

"सुभेदाराकडे. त्या जानूकडे."

मी कोठडीशी गेलो. जानूने रायफल लगेच ओळखली. "हां, माजीच ती. तंबूत ढीग व्हता, त्यातून मीच निवडून घेतली. जड व्हती म्हनून. मी सुबेदार ना! हलकी घेऊन कसा चालू?"

माझ्या मागे येसूबाई उभी होती. मी 'खरी' म्हटलं तर फौजदार वाचत होता, आणि माझाही रुबाब राहत होता: एवढ्या ढिगातून खरं हत्यार शोधणारा मास्तर! फक्त शकूच्या हळदीला तिचा बाप नसता, आणि पुढे किती वर्षं नसता कोण जाणे. 'खोटी' म्हटलं आणि ती खरी निघाली तर त्याच कोठडीत माझी जागा आधीच पाहून झाली होती.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ठाण्याचे मोठे साहेब आले होते.

साहेब उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, आणि त्यांच्या बुटांत तोंड दिसेल असं पॉलिश. त्यांनी फुटक्या थ्री-नॉट-थ्रीकडे पाहिलं, भुशाकडे पाहिलं, मेलेल्या पालीकडे पाहिलं. "हीच का सशस्त्र टोळी?" त्यांनी विचारलं. फौजदार पांढरा पडला. मग साहेबांची नजर माझ्या हातातल्या रायफलीवर आली. त्यांनी ती घेतली, तोलली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "ही मात्र खरी आहे."

"खरी होती, साहेब," मी म्हणालो. "आता नाही. मला दोन मिनिटं द्या."

त्याचं असं होतं. शाळेत परेडला आम्हाला ज्या रायफली मिळत, त्या जुन्या, लढाईतून बाद झालेल्या असत. पोरांच्या हातात द्यायच्या आधी त्यांच्या नळीला मुळाशी, गोळी जिथे बसते तिथे, आरपार भोक पाडत. म्हणजे बंदूक दिसायला अगदी बंदूक, पण फुटायची नाही. सिनेमावाल्यांनी भाड्याने आणलेली रायफल अशीच बाद झालेली असणार, असं माझं मन म्हणत होतं. पण भोक दिसत नव्हतं. सगळीकडे गुळगुळीत काळा रंग. मी बोट फिरवत गेलो. एका जागी रंग किंचित मऊ लागला. नखाने खरवडलं, निघेना.

"काही टोकदार आहे का कोणाकडे?"

फौजदाराने पेन पुढे केलं, त्याचं निब मोडलं. तेवढ्यात येसूबाई सरळ आत आली. शिपाई अडवायला गेला, तर तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. अंबाड्यातला लांब आकडा उपसून तिने माझ्या हातात दिला. वेणी सुटून तिच्या खांद्यावर आली.

मी आकडा रोवला आणि फिरवला. काळ्या रंगाखालून पांढरी लांबी निघाली, दारं-खिडक्या रंगवताना भरतात तीच. अजून टोकरलं. लांबीचा तुकडा टपकन पडला.

"पाणी आणा," मी म्हणालो.

शिपायाने माठातलं पाणी तांब्यातून आणलं. मी रायफल उभी धरली, नळीच्या तोंडातून पाणी ओतायला लागलो. सगळे वाकले. नळीत पाणी गुडगुडलं आणि काहीच झालं नाही. मी ओततच राहिलो. आणि मग, बंदुकीच्या मुळाशी असलेल्या त्या बारीक भोकातून, देवळातल्या गोमुखातून पडावी तशी पाण्याची सुरेख धार सुटली, आणि ती थेट मोठ्या साहेबांच्या चकचकीत बुटांवर पडली.

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. भोकाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की बाहेरचा ड्रायव्हर आत धावत आला.

"म्हणजे हिच्यातून गोळी सुटली तर मारणाऱ्याच्याच नाकात जायची!" डोळे पुसत ते म्हणाले. मग एकदम फौजदाराकडे वळले आणि हसू गेलं. "आणि तुम्ही मला ठाण्याहून बोलावलंत. लाकडं बघायला."

फौजदार टेबलावरचा भुसा हाताने गोळा करू लागला. ते मला पाहवलं नाही. सकाळपासून मी त्याच्यावर चिडलो होतो, तरी. "साहेब," मी म्हणालो, "ही रायफल हातात घेऊन मी स्वतः फसलो. क्षणभर तुम्हीही. या माणसाने रस्त्यावर, एकट्याने, हातात काठी असताना एवढ्या सगळ्यांना 'थांबा' म्हटलं. त्या बंदुका खऱ्या असत्या तर?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "अं," ते म्हणाले. "ते आहे. काठी होती फक्त?"

"काठीसुद्धा जीपमधी राहिली होती," टेबलाजवळून शिपाई म्हणाला.

साहेबांनी फौजदाराच्या पाठीवर थाप मारली, एवढी जोरात की तो दोन पावलं पुढे गेला. "सोडा सगळ्यांना. आणि मास्तरांचं नाव रिपोर्टात नीट लिहा."

कोठडीचं दार उघडलं. जानू बाहेर आला आणि काय करावं न सुचून त्याने सलाम ठोकला, तोही डाव्या हाताने. येसूबाईने आकडा परत घेतला, अंबाड्यात खोचला आणि मला म्हणाली, "मास्तर, हलदीला या. बाईंना घेऊन या. नाय आलात तर ही पलटन धाडीन."

दुरुस्त झालेली जीप मला पालघरला घेऊन गेली. या खेपेला शेजारी स्वतः फौजदार होता आणि आळीच्या तोंडाशीच त्याने हॉर्न धरला. खिडक्या उघडल्या. तो माझ्यासाठी उतरला, दार उघडून धरलं, आणि सकाळच्या हवालदाराला लाजवील अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्ही नसता तर आज माझी नोकरी गेली असती!" एकनाथराव कुंपणाशीच होते. ते शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना, काही कबूल करू नका म्हणून." हंसाने माझ्या ग्रीसच्या बाह्यांकडे पाहिलं. "इस्त्री वाया गेली," ती म्हणाली, पण अशा चेहऱ्याने म्हणाली की मी तो गणवेश आणखी दोनदा मळवायला तयार होतो.

सायंकाळी आम्ही दोघं हळदीला गेलो. जानूचे घरचे कपडे सिनेमाच्या तंबूत कुठेतरी हरवले होते आणि नवे लग्नासाठी राखलेले होते, त्यामुळे मुलीच्या बापाने सुभेदाराच्या गणवेशातच हळद लावून घेतली. बायांनी हात राखला नाही. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. "अगला सीन इसी वर्दी में है," तो विव्हळत होता. तरी त्यालाही हळद लागलीच, आणि पुढे त्याने तळलेल्या पापलेटाला चार वेळा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. शकूची पाठवणी व्हायची होती तेव्हा पलटणीतली माणसं माझ्याकडे आली. त्यांना तिला मान द्यायचा होता, पण बंदूक कशी धरायची हे सिनेमाने त्यांना शिकवलंच नव्हतं. सगळे वल्हं धरावं तशी धरत होते. मांडवामागे मी त्यांना उभं केलं आणि वाळूत पाय रोवून सलामी शिकवली: 'सलामी शस्त्र' म्हटलं की बंदूक समोर उभी, 'बाजू शस्त्र' म्हटलं की पुन्हा खाली, बाजूला. पहिल्यांदा एकाचं हेल्मेट पडलं, दुसऱ्यांदा सायकलचा पंप निसटला. तिसऱ्यांदा जमलं.

शकू निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पलटण उभी, टोकाला जानू, त्याच्या हातात ती जड रायफल. मुलीचा बाप म्हणून त्याने तिच्याबरोबर चालायला हवं होतं, पण तो म्हणाला होता की मी इथंच उभा राहीन. सातपाटीचे वऱ्हाडी थबकले. मी छाती भरून घेतली.

"सलामी... शस्त्र!"

सगळ्या बंदुका एकदम वर आल्या. लाकूड, पत्रा, कागद, रबर, एका आवाजात. शकू मधून चालत गेली, बापाशी आली, थांबली. जानूने नजर समोरून हलवली नाही. फक्त त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि डिंकाने चिकटवलेली मिशी ओली होऊन सुटत चालली होती. ती तिने बोटाने दाबून पुन्हा नीट बसवली आणि पुढे गेली.

पलटणीचे हात भरून आले असणार. पण वऱ्हाडातला शेवटचा माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत मी 'बाजू शस्त्र' म्हटलं नाही, आणि एकाचीही नळी खाली आली नाही.